नवसाची काठी

आमच्या नवसाआत्याबद्दल आनंदवल्लीत अजून सांगतात की तिनं देवाच्या नावावर खोटं बोलून एसटीत काठी चढवली. ऐकलं की माझं डोकं फिरतं. आत्या खोटं बोलली नाही. मी शेजारीच उभी होते. ती जे बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तेच तिच्या जिवाला लागून राहिलं. आता नीट सांगते, मधे बोलू नका.

नवसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजीला सात वर्षं मूल नव्हतं. नवसानं झाली म्हणून नाव नवसा. लग्न होऊन निफाडकडं गेली आणि चौथ्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी आली. तेव्हापासून गंगापूर रोडच्या आमच्या मळ्यातली फुलं तिच्याकडं. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा निशिगंध. पहाटे तोडणी, मग पाट्या घेऊन फुलबाजार. बाजारात बरेचजण कालची फुलं खाली घालायचे, वर आजचा थर, त्यावर पाण्याचा हबका. आत्या असलं करत नसे. म्हणायची, "देवाच्या डोक्यावर जानार हाय, तिथं लबाडी नको." एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण दुसऱ्यानं घातलेली शिळी फुलं दिसली की ती त्याची पाटी सगळ्यांदेखत पालथी करायची. मग काय, तिच्या शेजारची जागा कायम मोकळी असायची.

मी मंजुषा. अठ्ठ्याण्णव साली नववीत होते, तेव्हा आमच्या शाळेत धनराज सर खेळाचे शिक्षक म्हणून आले. त्यांनी सांगितलं, आता बायकांचीही बांबूउडी ऑलिंपिकमध्ये येणार. इतकी वर्षं ती फक्त पुरुषांनी मारायची, असं म्हणे कुणीतरी ठरवलं होतं. कोण बसून ठरवतं हो हे? आमच्या आसपास एकही मुलगी ती उडी मारत नव्हती, म्हणजे जी पहिली उभी राहील तीच पहिली येणार. हे मला ताबडतोब पटलं.

उडी मारायची तर पडायला गादी हवी. ती कुठून आणणार? दसरा उलटला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. आत्यानं उरलेली सगळी फुलं पोत्यांत भरली, पोती मळ्याच्या कडेला रचली, वर ताडपत्री टाकली आणि म्हणाली, "पड आता." चार दिवस मी फुलांवर पडले. राजकन्येला मिळणार नाही असं सुख. पाचव्या दिवशी फुलं कुजली आणि आई मला अंगणातूनच परत नळावर पाठवायला लागली. मग आत्यानं पोत्यांत भाताचं तूस भरलं. तूस टोचायचं, पण वास तरी यायचा नाही.

साध्या बांबूवर मी अडीच मीटरपर्यंत गेले. पुढं जायला फायबरची काठी लागते, ती वाकते आणि माणसाला वर फेकते. सरांनी तिची गोष्ट काढली तेव्हा बाबा हसले. आत्या हसली नाही. दोन दसऱ्यांच्या झेंडूचे पैसे तिनं या एका गोष्टीसाठी बाजूला टाकले आणि काठी आणवली. चार मीटरची. घरात मावेना, म्हणून ओसरीच्या आढ्याला आडवी टांगली. ओरखडा पडला तर अशी काठी वाकताना मोडते, असं सर म्हणाले होते. आत्यानं त्याच दिवशी पेटी उघडली. तळाशी तिचं हळदीचं पिवळं लुगडं होतं, कुणाला हात न लावू दिलेलं. त्याची तिनं काठीला गवसणी शिवली. तोंडाला नाडी, आणि नाडीला मुंडावळ्यांचे उरलेले लाल गोंडे. आई म्हणाली, "अहो वन्सं, लुगडं कशाला फाडलं?" आत्या म्हणाली, "पेटीत पडून काय करत व्हतं ते?"

काठी कोणाची, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, नवसाआत्याची. हे जरा लक्षात ठेवा.

दोन हजार तीनचा माघ महिना. पुण्याला आशियातल्या बऱ्याच देशांची मैदानी स्पर्धा होती. आपल्या संघातली एक मुलगी पाय मुरगळून बसली आणि यजमान म्हणून ती जागा आपल्याकडंच होती. धनराज सर पुण्यातच होते. त्यांचा शेजारच्या घरी फोन आला, "मंजुषा, उद्या सकाळी दहाला स्पर्धा आहे. काठी घेऊन संध्याकाळपर्यंत पोच. आणि ऐक, सुरुवातच तीन मीटर वीसला आहे. ती पहिली उंची तीन संधींत पार झाली नाही, तर नावापुढं आकडाच लागत नाही. आकडा लागला तर सरावाच्या शिबिरात घेतील. नाहीतर मला पुन्हा कुणाला तुझं नाव सांगता येणार नाही." माझी सर्वांत चांगली उडी होती तीन मीटर तीस. म्हणजे मला माझ्या जवळजवळ शेवटच्या पायरीवरूनच सुरुवात करायची होती.

मी आणि आत्या नाशिकच्या द्वारका चौकात रस्त्याकडेला उभ्या राहिलो. हातात चार मीटरची पिवळी गवसणी. पहिली पुण्याची गाडी आली, कंडक्टर म्हणाला, "एवढं लांब घेता येत नाही." दुसरा म्हणाला, "ट्रकनं पाठवा." तिसऱ्यानं तर दारच उघडलं नाही. आत्यानं त्या गाडीच्या पत्र्यावर अशी थाप मारली की आतले लोक दचकले. दुपार व्हायला आली होती. मला रडू यायला लागलं आणि आत्या माझ्यावरच खेकसली, "रडून काय काठी आखूड व्हनार हाय?"

चौथी गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरला. नाव कोंडाजी, हे मला मागाहून कळलं. पन्नाशीचा, कपाळाला हळदीचा टिळा. त्यानं गवसणी पाहिली, लाल गोंडे पाहिले.

"कोणाची काठी ही, मावशी?"

"नवसाची," आत्या म्हणाली.

"पुण्याच्या पुढं जाणार?"

"पुण्याकडंच."

बास. एवढंच बोलणं झालं. यात एक शब्द खोटा असेल तर काढून दाखवा! पण माघाचा महिना होता. संगमनेरची मानाची काठी याच दिवसांत जेजुरीला खंडोबाच्या भेटीला निघते, वाटेवरची गावं तिच्या पाया पडतात. कोंडाजीनं हात जोडले. चपला काढून गाडीखाली ठेवल्या, अनवाणी मागच्या शिडीनं टपावर चढला, काठी वर घेतली आणि आपल्या उपरण्यानं बांधली.

गाडी सुटली. सिन्नरपर्यंत आत्या खिडकीबाहेर बघत बसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मंजे, मी काय खोटं बोलले का?"

"नाही गं. तुझीच आहे ना काठी."

"मंग गप बस," ती म्हणाली. मी गप्पच होते.

संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि सगळा घोळ झाला. तिथं जेजुरीला जाणाऱ्यांची गर्दी. कुणीतरी टपाकडं बोट दाखवलं, "अरे, काठी आडवी बांधलीय! काठी आडवी नेतात का?" पाच-सहा माणसं शिडीनं वर. आम्ही उतरेपर्यंत काठी खाली आली होती आणि स्टँडच्या मधोमध उभी धरली होती. येळकोट येळकोट सुरू झालं. बाया पोरं घेऊन पुढं आल्या, गवसणीला डोकं टेकवायला लागल्या. मी आत्याचा हात ओढला, "सांग ना त्यांना!" आत्याच्या तोंडातून शब्द फुटेना. फुलबाजार दणाणून सोडणारी माझी आत्या! मी तिला तशी आधी कधीच पाहिली नव्हती.

गर्दीतून एक म्हातारी आली. तिला सगळे बयाबाई म्हणत होते. कडेवर दोनेक वर्षांची नात, पाय लुळे लोंबकळत. बयाबाईनं काठीला गोंजारलं, गोंड्याची गाठ सोडली, भंडाऱ्याची अख्खी पिशवी गवसणीत रिकामी केली. दिवटीची बुधली काढली आणि सगळं तेल काठीच्या माथ्यावर ओतलं. मग लेकराला काठीपाशी धरून म्हणाली, "देवा, तू जसा उभा तशी माझी सरू उभी कर रे. दुसरं काय मागत नाय." आणि रडायला लागली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या म्हातारीच्या तोंडावर सांगायची छाती आमच्यापैकी कुणाला झाली नाही. कोंडाजीनं घंटी मारली, काठी पुन्हा वर गेली. पुण्यापर्यंत आत्या एकच वाक्य बोलली, "शिळं फूल घातलं गं मी ताज्यात."

संध्याकाळी सरांनी गवसणी उघडली आणि कपाळावर हात मारला. आत सगळी काठी पिवळीधमक, आणि जिथं हात धरायचा नेमकी तिथली पट्टी तेलात भिजून बुळबुळीत. साबणानं धुतली, राखेनं घासली. सरांनी औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणून नवी गुंडाळली. तरी हळदीचा वास काही गेला नाही.

सकाळी मैदानात उतरले. परदेशी मुली, त्यांच्याकडं लांबलांब नळकांडी, प्रत्येकीत सहा-सहा, आठ-आठ काठ्या. माझी एक. पंचबाई परराज्यातल्या होत्या. त्यांनी काठी हातात घेतली, बोट चोळलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "ये क्या है, हल्दी?" मी म्हटलं, "हां मॅडम." दुसरं काय सांगणार? त्यांनी पट्टी तपासली, मान हलवली आणि काठी परत दिली.

कुंपणापलीकडं आत्या उभी होती. आणि तिच्या शेजारी कोंडाजी! परतीची गाडी दुपारची, म्हणून काठीचं दर्शन घ्यायला आला असणार, असं मला वाटलं.

पहिली उडी. धावले, काठी रोवली, पाय सुटले आणि वरचा हात घसरला. पट्टीखाली तेल मुरलेलं होतं. मी आडव्या दांडीच्या खालूनच गादीवर जाऊन पडले. पंचांनी लाल झेंडा दाखवला. सरांनी पट्टी फाडली, काठी स्पिरिटनं पुसली, नवी पट्टी लावली. आता हात घसरणार नव्हता.

दुसरी उडी. आणि काय झालं सांगू? मी धावले, पण काठी रोवायची लोखंडी खाच दिसली आणि हात थांबले. बयाबाईनं हिला गोंजारलं होतं. पन्नास माणसांनी हिच्यावर डोकं टेकवलं होतं. आणि मी ही अशी जोरात लोखंडात आपटू? मला पक्कं माहीत होतं की फायबर आहे, कारखान्यात बनलेलं आहे. तरी हात होईनात. मी काठी हातात घेऊन तशीच दांडीखालून पळत गेले. पुन्हा लाल झेंडा. लोक हसले. हसणाऱ्यांचे चेहरे मला आजही आठवतात.

तिसरी आणि शेवटची. माझं नाव पुकारलं, घड्याळ सुरू झालं. एक मिनिट. धावपट्टीच्या टोकाला काठी घेऊन उभी राहिले आणि पाय उचलेना. सर काहीतरी ओरडत होते, मला ऐकूच येत नव्हतं. अर्धं मिनिट गेलं.

तेवढ्यात कुंपणापाशी आवाज फुटला. फुलबाजारातला तो आवाज, पाट्या पालथ्या करतानाचा.

"मंजे! ए मंजे! काठी कोनाची?"

सगळं मैदान तिकडं बघायला लागलं. कोंडाजी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा. मैदानावरचा एक माणूस तिला तिथून हटवायला धावला. आत्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली.

"बोल की गं! काठी कोनाची?"

"नवसाची!" मी ओरडले.

"नवसा कोन?"

"तू!"

"मी! माझी हाय! देवाची नाय! मी लोकांला फसवलं, पाप माझं, मी बघीन! तू आपट तिला!"

मी धावले. किती पावलं टाकली माहीत नाही. काठी खाचेत अशी आपटली की खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. ती वाकली, मी उलटी झाले, आभाळ दिसलं, पोट दांडीवरून सरकताना दांडी अंगाला लागल्यासारखी वाटली, आणि मी पडले. पाठीवर पडल्या पडल्या वर बघितलं. दांडी हलत होती. हल, हल, हल, आणि थांबली. पडली नाही. पांढरा झेंडा! मी गादीवरच ओक्साबोक्शी रडले, लाज नाही सांगायला.

पुढची उंची मला जमली नाही. मी शेवटची आले. पण निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढं तीन पॉइंट दोन शून्य आहे, आणि त्यावर मी शिबिरात गेले, पुढं दोनदा राष्ट्रीय खेळले, आज शाळेत मुलींना हेच शिकवते.

उडी झाल्यावर मी कुंपणाशी गेले, तर तिथं वेगळाच खेळ चाललेला. आत्या कोंडाजीपुढं पदर पसरून उभी. "भाऊ, मी तुला फसवलं. नवसा माझं नाव हाय. तू नवसाची काठी समजलास आन् मी समजू दिलं."

कोंडाजी म्हणाला, "मावशी, मी संगमनेरचा. आमची काठी उचलायला खमके गडी लागतात. ही मी द्वारकेला एका हातानं टपावर घेतली. तेव्हाच कळलं."

"मंग चपला कशाला काढल्या?" आत्या त्याच्यावरच उखडली.

"तुम्ही इतकी जपून धरली होती ना. म्हटलं, यांच्यासाठी असेल देवासारखी. उन्हात उभ्या होता, पोर रडत होती. तीन गाड्या गेल्या असतील." मग त्यानं मान खाली घातली. "बयाबाई येईल असं नव्हतं वाटलं. तिच्यापुढं मलाही बोलवलं नाही."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आत्या संगमनेरला उतरली. मला म्हणाली, "तू जा घरी." मी कसली जाते? कोंडाजीनं घराचा पत्ता सांगून ठेवला होता. बयाबाई दारात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. आत्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. म्हातारीनं आधी नीट ऐकून घेतलं आणि मग शिव्यांचा जो पट्टा सुरू केला! शिव्या संपल्यावर आत्यानं विचारलं, "पोरीला डाक्टरला दावलं का?" बयाबाई म्हणाली, "देवाला दावलं." आत्या म्हणाली, "तो झाला. आता डाक्टर. ही माझ्याकडं चार म्हयने राहील, तूबी राहा. नाय म्हनू नको, मी हितून हलनार नाय." आणि खरंच उंबऱ्यात बसली. दोन तास. शेवटी बयाबाईनं गाठोडं बांधलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी सरूच्या पायांना पट्टे दिले आणि सांगितलं, रोज धरून चालवा. धरायला एक दांडी हवी, तिच्या छातीच्या उंचीला. चार महिन्यांची अडीच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं काही होईना. आत्या बांबू धरायला द्यायची, त्याच्या कुसळांनी पोरीचे हात सोलायचे. त्याच सुमारास माझ्या काठीला एक बारीक चीर गेली. उडीसाठी ती संपली. मी ओसरीवर काठी मांडीवर घेऊन सुतकात बसल्यासारखी बसले होते. आत्या आली, काठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय." दोन खुंटे अंगणात ठोकले आणि काठी त्यांच्यावर आडवी बांधली.

बयाबाई मळ्यातून आली, तिनं ते बघितलं आणि ओरडली, "अगं ए नवसा! काठी आडवी करत नसतात!"

"माझी हाय," आत्या म्हणाली. "सोड पोरीला."

बयाबाईनं सरूला खाली सोडलं. सरूनं दोन्ही हातांनी काठी धरली, थोडी लटपटली आणि एक पाय पुढं टाकला. मग दुसरा. काठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार मीटर, ती चालत गेली. टोकाला पोचल्यावर पोरीनं मागं वळून विचारलं, "आता परत येऊ?"

"ये," आत्या म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून घरात निघून गेली.